कोर्टात दिवाळं काढलं की नेमकं काय होतं, काय जातं आणि काय राहतं

कोर्टात दिवाळं जाहीर केलं की सगळं कर्ज माफ होतं का, हा प्रश्न आपल्याकडं लई जण विचारतात, पण चारचौघात नाही, कोपऱ्यात घेऊन आवाज बारीक करून विचारतात. उत्तरं दोनच मिळतात. एक जण सांगतो, अर्ज टाकला की बँकवाले हात लावू शकत नाहीत. दुसरा सांगतो, जेलात घालतेत, घरदार जातं. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत, आणि अर्धवट माहितीवर माणूस जे करून बसतो त्यानं मूळ कर्जापेक्षा जास्त वाटोळं होतं. मी दिवाणी वकिलाच्या ऑफिसात कागद लावायचं काम करतो, स्वतः वकील नाही, त्यामुळं हे वाचून थेट अर्ज करायला पळू नका. पण वकिलासमोर बसल्यावर काय विचारायचं एवढं यातून नक्की कळंल.

आधी कर्जमाफी आणि दिवाळं वेगळं करून घ्या. कर्जमाफी सरकार देतं, ठरलेल्या तारखेपर्यंतच्या ठरलेल्या कर्जाला. २००८ ला केंद्रानं दिली, २०१७ ला राज्यानं दीड लाखापर्यंत दिली, २०१९ ला परत दोन लाखांपर्यंत दिली. ती शेतीकर्जाची. दुकानाचं कर्ज, सावकाराचं, गटाचं, मोबाइलमधल्या ॲपचं, पोरीच्या लग्नाला घेतलेले हातउसने, यातलं काहीच त्यात बसत नाही. दिवाळं म्हणजे कायद्याच्या भाषेत नादारी, ती कोर्ट देतं, एकाच माणसाला, त्याच्याकडं काय आहे आणि तो कुणाकुणाला किती देणं लागतो हे सगळं मांडून घेऊन.

आता जेलाचं. कर्ज फेडता येत नाही एवढ्याच कारणावरून कुणाला जेलात टाकता येत नाही. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हे साफ सांगितलं, की माणसाकडं पैसेच नसतील तर अटक नाही, पैसे असून तो बुडवायलाय किंवा मालमत्ता लपवायलाय असं दिसलं तरच. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा असला तरी अटकेआधी नोटीस काढून तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि मोठ्या रकमेला जास्तीत जास्त तीन महिने ठेवता येतं. बाईमाणसाला तर पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक करताच येत नाही. तिकडं पुणे, नगर भागात १८७५ ला सावकारांविरुद्ध दंगे झाले आणि मग १८७९ च्या कायद्यानं पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याला कर्जापायी अटक करणं बंद झालं, आपण मराठवाड्यातली माणसं त्यावेळी निजामाच्या राज्यात होतो त्यामुळं तो कायदा आपल्याकडं आलाच नाही, आणि कर्ज म्हणजे बेडी ही भीती आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनातून अजून गेलेली नाही असं मला वाटतं.

तर हीच रेघ लक्षात ठेवा, पुढं सगळीकडं ती येणार आहे. कायदा कर्जदाराला फिरून फिरून एकच विचारतो, तुझ्याकडं नाही, का तू लपवायलास? नसंल तर बऱ्याच ठिकाणी तो तुमच्या बाजूनं उभा राहतो. लपवलं की सगळी दारं बंद.

फक्त चेकचं प्रकरण वेगळं आहे. चेक बाउन्स झाला आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर ती फौजदारी केस होते, चेकच्या कायद्याचं कलम १३८, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. खात्यातून आपोआप कटणारा हप्ता परत गेला तरी तसाच नियम २००७ च्या पेमेंट कायद्यात आहे. आपल्याकडं हातउसने घेताना सही करून कोरा चेक देतात आणि विसरून जातात. दिवाळं काढलं म्हणून ही फौजदारी केस काही मिटत नाही. म्हणून देणेकऱ्यांची, म्हणजे ज्यांचं ज्यांचं तुम्ही देणं लागता त्यांची, यादी करायला बसाल तेव्हा ज्याच्याकडं चेक आहे त्याचं नाव सगळ्यात वर लिहा.

उदाहरण घेऊ म्हणजे नीट कळंल. समजा औशाकडं एका भावाचं कृषी सेवा केंद्र आहे. खतं-बियाणं उधारीवर दिलं, सोयाबीन निघाल्यावर देतो म्हणून लोकांनी नेलं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात पाणी आलं तसं पाणी येऊन रानंच खरडून गेली. उधारी ११ लाख अडकली. कुणाकडं मागायची? तोही बुडालेला. इकडं भावाचं स्वतःचं देणं असं: बँकेची कॅश क्रेडिट ९ लाख, तारण दुकानाचा गाळा. पतसंस्थेचे ४ लाख, दोन जामीनदार, त्यातले एक झेडपीचे गुरुजी. फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन २ लाख. हातउसने ३ लाख, त्यात दोन चेक दिलेले. सावकाराचे दीड लाख, त्याबदल्यात एक एकराचं खरेदीखत करून दिलेलं. एकूण साडेएकोणीस लाख. नावावर आणखी दोन एकर रान आणि गावात राहतं घर.

आता हा माणूस दिवाळं काढू शकतो का? इथं लोकांचा पहिला गोंधळ होतो. टीव्हीवर जो दिवाळखोरीचा नवा कायदा ऐकता तो २०१६ चा, त्यात सर्वसामान्य माणसासाठी पण एक अख्खा भाग लिहिलेला आहे. लई गरीब माणसासाठी तर नवी सुरुवात म्हणून वेगळी सोय आहे, वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाचं कर्ज पुसून टाकायची. कागदावर चांगलं आहे. पण १ डिसेंबर २०१९ पासून त्या भागातलं जे चालू केलं ते फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक गॅरंटी देणाऱ्यांसाठी. म्हणजे जालन्याच्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कारखान्याच्या डायरेक्टरनं बँकेला पर्सनल गॅरंटी दिली असंल तर तो या कायद्यात येतो. वाळूजला स्वतःच्या एकट्याच्या नावावर वर्कशॉप चालवणारा येत नाही, आपला औशाचा भाऊ येत नाही, नोकरदार येत नाही, शेतकरी येत नाही. मला ही गोष्ट मनापासून चुकीची वाटते. ज्यांच्याकडं वकिलांची फौज आहे त्यांच्यासाठी नवा कायदा आणि बाकीच्यांसाठी इंग्रजांच्या काळातला जुना.

तर बाकीच्यांना तोच जुना रस्ता. मुंबईसारख्या शहरांना १९०९ चा कायदा आणि बाहेरच्या भागाला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा ज्या दिवाणी कोर्टाला अधिकार दिलेत तिथं. कायदा किती जुना आहे बघा, अर्ज करायला देणं किमान ५०० रुपये पाहिजे असं त्यात लिहिलंय, किंवा हुकूमनाम्यापायी तुम्हाला अटक झालेली पाहिजे किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम निघालेला पाहिजे. देणेकरी पण तुमच्याविरुद्ध असा अर्ज करू शकतो, पण आपल्याकडं ते क्वचितच.

अर्जात सगळं लिहावं लागतं. सगळं म्हणजे सगळं, प्रत्येक देणेकऱ्याचं नाव पत्ता रक्कम, प्रत्येक मालमत्ता, आणि लोकांकडून येणं असलेली उधारी पण, कारण ती ११ लाखांची उधारी ही तुमची मालमत्ताच धरली जाते. मग देणेकऱ्यांना नोटिसा जातात, सुनावणी होते, आणि कोर्टाला पटलं की ते नादार जाहीर करतं. त्या दिवसापासून तुमची मालमत्ता तुमची राहत नाही, ती कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि त्याबदल्यात तुम्हाला जे मिळतं ते असं की साधे देणेकरी कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर नवीन दावा करू शकत नाहीत. रिसीव्हर मालमत्ता विकतो आणि जो पैसा येईल तो देणेकऱ्यांत त्यांच्या त्यांच्या रकमेच्या प्रमाणात वाटतो. शेवटी तुम्ही मुक्ततेचा अर्ज करता, तो मंजूर झाला की उरलेल्या बहुतेक देण्यातून सुटका.

ऐकायला सोपं, पण वेळ लागतो, वर्षं जातात. आणि मधल्या काळात तुम्ही नादार आहात हे न सांगता ५० रुपये किंवा त्याच्या वरची उधारी केली तर तो गुन्हा. निवडणूक पण लढवता येत नाही, खासदार-आमदारकी तर राहू द्या, मुक्तता होईपर्यंत ग्रामपंचायतीला पण उभं राहता येत नाही, आणि आपल्या गावागावांत सदस्य व्हायची हौस किती जणांना असते ते तुम्हाला सांगायला नको.

काय जात नाही ते जास्त महत्त्वाचं आहे, कारण भीती त्याचीच असते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आहे, त्यात जप्तीतून काय सुटतं ते दिलंय आणि नादारीत पण तेच सुटतं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. मंगळसूत्रासारखे दागिने जे बाईनं धर्मानं उतरवायचे नसतात ते. कारागिराची अवजारं. शेतकऱ्याची अवजारं, पोट भरायला लागणारी जनावरं आणि बियाणं. शेतकरी किंवा मजूर स्वतः राहतो ते घर, फक्त ते घर त्याच कर्जाला तारण दिलेलं नसावं. पेन्शन, पीएफ, पीपीएफ, आयुर्विम्याचे पैसे. पगारातून सगळा पगार जात नाही, पहिले १००० रुपये सोडून उरलेल्याचा तिसरा हिस्साच जप्त होतो, म्हणजे ४६ हजार पगार असंल तर १५ हजार, आणि तोही एका हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिनेच. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र हा हिशोब लागू नाही. आता नीट बघा, या यादीत रान नाही. अवजार सुटतं, बैल सुटतो, घर सुटतं, पण जमीन सुटत नाही. औशाच्या भावाचं घर वाचंल ते तो मुख्य करून शेतीवरच जगतो असं कोर्टाला दिसलं तरच, आणि दोन एकर रान तर रिसीव्हरच्या हातात जाईल. म्हणून ज्याच्याकडं रान आहे त्यानं नादारीचा अर्ज करायच्या आधी दहा वेळा विचार करावा असं माझं मत आहे, तडजोडीचे बाकीचे रस्ते आधी संपवावेत.

दुसरं, तारण कर्ज नादारीत अडकून पडत नाही. गाळा बँकेला तारण आहे ना, मग बँक तो गाळा विकून स्वतःचे पैसे घेऊ शकते, नादारी असो नसो. नादारी कामाला येते ती बिनतारणी देण्यांसाठी, पतसंस्था, फायनान्स, हातउसने. आणि तिसरं, जामीनदार सुटत नाही. तुम्ही मुक्त झालात तरी गुरुजी मुक्त होत नाहीत, कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आधी कर्जदाराकडून वसूल करा मग माझ्याकडं या असं त्याला म्हणता येत नाही. आपल्याकडं झेडपीचे गुरुजी, एसटीतले कंडक्टर, ग्रामसेवक, ज्याला ज्याला पगार आहे त्याला सही मागायला लोक येतात आणि नाही म्हणता येत नाही, सोयरीक असते, एका वाड्यातले असतात. गुरुजींनी पैसे भरले तर ते कर्जदाराकडून वसूल करायचा आणि बँकेकडं जे तारण असंल त्यावर दावा सांगायचा हक्क त्यांना मिळतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. सरकारी देणं, फसवणूक करून घेतलेलं कर्ज आणि बायको-लेकरांची पोटगी, यातून पण नादारी सोडवत नाही.

आता लपवण्याचं. नोटीस आली की पहिला सल्ला काय मिळतो? "रान बायकोच्या नावावर कर, बक्षीसपत्र करून टाक." हा सल्ला देणाऱ्याला तुमचा शत्रू समजा. नादारीच्या आधी दोन वर्षांत फुकटात किंवा नावापुरत्या किमतीत नावावर केलेली मालमत्ता कोर्ट रद्द करू शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत एखाद्या जवळच्या देणेकऱ्याचे पैसे गुपचूप फेडले, मेव्हण्याचे दिले आणि बाकीचे ठेवले, तर तो व्यवहार पण उलटवता येतो. आणि वर मी जे जेलाचं सांगितलं, त्यात अटक करायचं कारणच हे आहे की माणसानं मालमत्ता बेइमानीनं फिरवली. म्हणजे जो बिचारा नुसता गरीब होता तो सुटला असता, पण तलाठ्याकडं जाऊन फेरफार करून आला आणि स्वतःच्या हातानं अडकला.

मुक्तता देताना पण कोर्ट हेच बघतं. मालमत्तेतून बिनतारणी देण्याच्या रुपयाला ५० पैसे तरी निघायला पाहिजेत, नाहीतर पूर्ण मुक्तता मिळत नाही. औशाच्या भावाचं बिनतारणी देणं साडेदहा लाख, म्हणजे सव्वापाच लाख तरी. पण त्याच कलमात पुढं लिहिलंय की ज्या परिस्थितीला माणूस स्वतः जबाबदार नाही तिच्यामुळं तसं झालं असंल तर गोष्ट वेगळी. आपल्या भागासाठी हे सोन्यासारखं वाक्य आहे. दुष्काळ, अतिवृष्टी, गारपीट, हे कागदानं दाखवता येतं, पंचनामा, तालुक्याची पैसेवारी, अनुदानाची यादी, सगळं जपून ठेवा. उलट सट्टा, जुगार, उधळपट्टी यानं बुडाला असंल, किंवा मागच्या तीन वर्षांच्या हिशोबाच्या वह्याच नसतील, तर कोर्ट कडक होतं. दुकानदारांनो, त्या लाल वह्या जाळू नका, पाण्यात भिजल्या असतील तर वाळवून ठेवा.

एवढं सगळं वाचून मनात येईल की मग नादारी करायचीच कशाला. खरं आहे, बहुतेकांना तिच्याआधीचे रस्ते पुरतात, फक्त प्रत्येक रस्त्याला तारीख असते आणि आपण पाकीटच फोडत नाही. पोस्टमन आला की परत पाठवतात, घरात नाही म्हणून सांगतात. नोटीस घेतली नाही म्हणून ती थांबत नाही, फक्त तुमचे दिवस कमी होतात.

बँकेचं बघा. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत खातं, होतं, पीककर्जाला कमी मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगामांचा हिशोब असतो. मग तारण असंल तर सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकेला दावा न करता तारण विकायची मुभा देणाऱ्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस येते. या ६० दिवसांत लेखी उत्तर द्या, काय चुकलंय, किती भरू शकता ते लिहा, बँकेला १५ दिवसांत त्याचं उत्तर द्यावंच लागतं. नंतर ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणात, जाता येतं, आपलं डीआरटी छत्रपती संभाजीनगरला आहे, मुंबईला पळायची गरज नाही. लिलावाची जाहिरात निघायच्या आत सगळी बाकी भरली तर मालमत्ता सुटते, जाहिरात निघाल्यावर तो हक्क राहत नाही. शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही, पण खरंच शेती पाहिजे, सात-बाऱ्यावर शेती आणि जागेवर गोडाऊन असं चालत नाही.

पतसंस्थेचं वेगळं. तिथं सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेतात. त्याआधी तुम्हाला आणि जामीनदाराला नोटीस येते, बोलायची खरी जागा तीच, कारण एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध वर जायला ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. खात्याचा उतारा मागा, व्याज कसं लावलं बघा, भरलेल्या पावत्या जोडा. जामीनदारांनी तर या तारखेला गेलंच पाहिजे.

सावकाराचं मी जरा ठासून सांगतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली लायसन पाहिजे, आणि व्याज ठरलेलं आहे, शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, बाकीच्यांना १५ आणि १८. आपल्याकडं शेकडा तीन, शेकडा पाच महिन्याला चालतं, म्हणजे वर्षाला ३६ आणि ६० टक्के. हे बेकायदेशीर आहे, लोकांना त्याची सवय झालीय म्हणून ते कायदेशीर होत नाही. आणि व्याजापोटी रानाचं खरेदीखत लिहून घेतलं असंल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो, १५ वर्षांच्या आतला व्यवहार असंल आणि तो सावकारीतूनच झाला हे सिद्ध झालं तर जमीन परत द्यायचा हुकूम निघू शकतो. औशाच्या भावानं कोर्टाच्या आधी इथं जायला पाहिजे, त्याचं एक एकर इथं अडकलंय. पुरावा काय? फोनवरचे मेसेज, वहीतली नोंद, व्याज भरल्याचे ऑनलाइन पेमेंट, खरेदीखत झाल्यावर पण रान तुम्हीच कसत होता हे सांगणारे शेजारी.

गटाचं कर्ज, म्हणजे फायनान्सवाल्यांचं, ते बायकांच्या डोक्यावर आहे आणि त्याबद्दल घरातले पुरुष बोलत पण नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमात घरच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत असं आहे, आणि या कर्जाच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर येता येत नाही. बाकीच्या कर्जांना फोन करायची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, दारात बसून राहणं, हे चालत नाही. आधी त्या कंपनीकडं लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, फुकट आहे, फोन १४४४८.

उचलीबद्दल पण लिहायलाच पाहिजे. बीड, धारूर, पाटोदा भागातून ऊसतोडीला कोयता घेऊन जाणारी माणसं मुकादमाकडून जी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतात, ती फिटली नाही म्हणून माणसाला किंवा त्याच्या बायको-लेकरांना डांबून ठेवून काम करून घेणं ही वेठबिगारी आहे, १९७६ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि असं वेठबिगारीचं देणं त्या कायद्यानं संपतं. तक्रार तहसीलदार किंवा कलेक्टरकडं.

मधेच एक सांगतो आणि हे सगळ्यात आधीचं समजा. रात्री झोप येत नसंल, वाटत असंल की आपण गेलो की कर्ज मिटंल, तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, मराठीत बोलतात. आणि माणूस गेला म्हणून कर्ज मिटत नाही, फक्त वारसांकडं त्यांच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतं जातं. बापाकडून काहीच आलं नसंल तर पोराच्या स्वतःच्या कमाईतून ते वसूल करता येत नाही, पोरगा स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार असंल तर गोष्ट वेगळी. हे घरच्यांना पण सांगून ठेवा, कारण बाप गेल्यावर सावकार तेराव्याला दारात येतो आणि पोरं घाबरून नवीन कागदावर सह्या करतात. नवीन सही करू नका. साध्या उसनवारीच्या वसुलीला तीन वर्षांची मुदत असते, पण मुदतीच्या आत कर्ज मान्य असल्याचं लिहून दिलं किंवा थोडे पैसे भरले आणि त्याची लेखी नोंद झाली तर ती मुदत परत पहिल्यापासून मोजतात.

तडजोडीला दोन जागा. एक बँकेचा ओटीएस, म्हणजे ठरलेली रक्कम एकदम भरून कर्ज मिटवणं. हा तुमचा हक्क नाही, सुप्रीम कोर्टानं २०२१ ला सांगितलंय की बँकेला ओटीएस द्यायची सक्ती करता येत नाही, त्यामुळं मागायला जाताना हातात काहीतरी पाहिजे, रक्कम, तारीख, पैसा कुठून येणार ते. अतिवृष्टीच्या वर्षी पीककर्जाचं पुनर्गठन मिळतं का ते आधी विचारा, ते ओटीएसपेक्षा बरं. दुसरी जागा लोकअदालत. कोर्टफी नाही, केस दाखल नसंल तरी दाखलपूर्व म्हणून प्रकरण ठेवता येतं, आणि तिथं झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही. अपील नाही म्हणूनच झेपंल तेवढंच कबूल करा, हो ला हो म्हणून सही करू नका. वकील परवडत नसंल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, बाया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कमी उत्पन्नवाले यांना वकील फुकट मिळतो. प्रत्येक जिल्हा कोर्टात त्यांचं ऑफिस असतं.

औशाच्या भावाला मी काय सांगंल? चेकवाल्या दोघांशी आधी बोल. सावकाराविरुद्ध उपनिबंधकाकडं अर्ज. गाळा बँकेनं लिलावात फुंकून टाकण्याआधी बँकेच्या परवानगीनं स्वतः गिऱ्हाईक बघ, लिलावापेक्षा चार पैसे जास्त येतात. पतसंस्थेत गुरुजींना सोबत घेऊन जा, त्यांच्यापासून तोंड लपवू नको. फायनान्सचं लोकअदालतीत. उधारीच्या वह्या घेऊन लोकांकडून हजार-दोन हजार का होईना जमा कर आणि पावती दे. एवढं करूनही बिनतारणी देणं आवाक्यात नाही आलं तर मग नादारीचा अर्ज, आणि तोपर्यंत नावावरचं काहीही कुणाच्या नावावर करू नको.

तडजोड झाली, पैसे भरले, की लोक सुटलो म्हणून घरी जातात आणि इथंच कच्चं राहतं. तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर पाहिजे, वसुलीवाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज चालत नाही. पैसे खात्यातच भरा, माणसाच्या हातात नाही. मग नो ड्यूज, दिलेले कोरे चेक आणि बाँड परत. मूळ कागदपत्रं बँकेनं कर्ज मिटल्यापासून ३० दिवसांत परत द्यायची, उशीर तिच्याकडून झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई, १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. सिबिलवर कमी रकमेत मिटवलेलं खातं सेटल्ड म्हणून दिसतं, क्लोज्ड म्हणून नाही, त्यामुळं पुढं काही वर्षं नवीन कर्जाला अडचण येते, हे आधीच धरून चाला. आणि सात-बाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही, बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडं अर्ज द्यावा लागतो, फेरफार मंजूर झाला की नवीन उतारा काढून इतर हक्काच्या रकान्यात बँकेचं नाव गेलंय का ते स्वतःच्या डोळ्यानं बघून घ्या.